भारहुतच्या वेदिकेवरील शब्द : कोलकात्याच्या संग्रहालयातील एक वाचन

जुन्या वस्तू जेथे जपून ठेवल्या जातात त्या वास्तूस मराठीत आपण 'वस्तुसंग्रहालय' म्हणतो. हा शब्द घडविलेला आहे. त्यापूर्वी लोकांच्या तोंडी 'अजबखाना' होता, आणि बंगालीत 'जादुघर' आजही आहे. या नावांतून पाहणाऱ्याच्या दोन वृत्ती व्यक्त होतात. पहिल्या नावात नोंद, वर्गीकरण आणि जतन आहे; दुसऱ्यांत केवळ विस्मय आहे. अभ्यासकाने पहिल्या वृत्तीने जावे, ही अपेक्षा योग्यच होय. परंतु नोंदींची सवय जडलेला अभ्यासक कित्येकदा वस्तू पाहावयाचेच विसरतो, आणि तेव्हा त्याला भानावर आणावयास थोडा विस्मय उपयोगी पडतो. प्रस्तुत लेखकाचा असाच एक अनुभव, आणि त्यातून निघालेले भाषिक व ऐतिहासिक विवेचन, येथे मांडावयाचे आहे.

कोलकात्याचे भारतीय संग्रहालय हे या देशातील सर्वांत जुने संग्रहालय. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ नॅथॅनिएल वॉलिक यांच्या सूचनेवरून एशियाटिक सोसायटीच्या आश्रयाने इ. स. १८१४ मध्ये त्याची स्थापना झाली. चौरंगीवरील सध्याची इमारत इ. स. १८७८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. या संग्रहालयातील एका दालनात भारहुत येथील स्तूपाची वेदिका, म्हणजे दगडी कठडा, आणि पूर्वेकडील तोरण उभे केलेले आहे. तांबूस वालुकाश्माचे सुमारे नऊ फूट उंचीचे हे बांधकाम मंद प्रकाशात पाहताना प्रथम खांब दिसतात, मग पदके, मग माणसे, पशू, वृक्ष. आणि अगदी जवळ गेल्यावर अक्षरे दिसू लागतात.

ही अक्षरे लेखकास अपरिचित नव्हती. भारहुतचे लेख आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. बरुआ आणि सिन्हा यांची इ. स. १९२६ ची आवृत्ती, ल्यूडर्स यांनी सिद्ध केलेली आणि त्यांच्या मृत्यूनंतर वाल्डश्मिट व पुण्याचे म. अ. मेहेंदळे यांनी संस्कारून इ. स. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेली संहिता, आणि मेहेंदळे यांचे कोरीव लेखांतील प्राकृतांचे ऐतिहासिक व्याकरण (१९४८), हे ग्रंथ पदव्युत्तर अभ्यासक्रमास पुरेसे आहेत असा लेखकाचा समज होता. ग्रंथांत काही उणे नाही. उणे होते ते आमच्या वाचनात.

प्रथम इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मध्य प्रदेशातील सतना शहराच्या परिसरात असलेल्या भारहुत या गावी इ. स. १८७३ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांना हे अवशेष आढळले. पुढील वर्षी उत्खनन झाले. स्तूपाचा बहुतेक भाग तोवर नाहीसा झालेला होता. आसपासच्या गावांतील लोकांनी त्याच्या विटा व दगड घरबांधणीसाठी नेले होते. मातीच्या ढिगाऱ्याखाली दडलेला वेदिकेचा एक भाग आणि पूर्वेचे तोरण तेवढे वाचले. कनिंगहॅम यांनी ते तेव्हाच्या कलकत्त्यास हलविण्याची व्यवस्था केली आणि इ. स. १८७९ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. या स्थलांतरास त्या काळीच आक्षेप घेण्यात आला होता. त्यावर कनिंगहॅम यांचे म्हणणे असे की, जे दगड मागे राहिले त्यांपैकी हलविता येण्याजोगे सर्व पुढे लोकांनी उचलून नेले. पुढे मिळालेले काही अवशेष अलाहाबादच्या संग्रहालयात गेले. कनिंगहॅम यांनी वेदिकेचा काळ ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात धरला होता. आज तो सामान्यतः ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धाच्या सुमारास मानतात. पूर्व तोरणावरील लेखात शुंगांच्या राज्यात वाछिपुत धनभूती याने ते करविल्याचा उल्लेख आहे.

वेदिकेवर दोनशेंहून अधिक लेख आहेत आणि त्यांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग दानलेखांचा. अमुक गावच्या अमक्याने हा खांब, ही सूची दिली, एवढाच त्यांचा आशय. 'दानं' हा शब्द येथे पुनःपुन्हा येतो. जेम्स प्रिन्सेप यांना इ. स. १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीची किल्ली सापडली ती साँची येथील अशाच छोट्या लेखांच्या शेवटी वारंवार येणाऱ्या याच शब्दामुळे, हे विद्यार्थ्यांस माहीत आहेच. ज्या शब्दाने दात्याने पुण्य जोडले, त्याच शब्दाने दोन हजार वर्षांनी लिपी परत मिळवून दिली.

दात्यांची गावे पाहिली म्हणजे या स्तूपाचे जग केवढे विस्तृत होते याची कल्पना येते. विदिशा आणि पाटलिपुत्र आहेतच. पण महाराष्ट्रीय वाचकाने थांबावे अशी तीन नावेही येथे आहेत. नासिकचा उल्लेख आहे, आणि त्या नगराच्या अगदी प्राचीन कोरीव उल्लेखांत त्याची गणना होते. 'भोजकट' येथील दिगनगा नावाच्या भिक्षुणीचे दान आहे. पुढे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक ताम्रपटात जे भोजकट राज्य येते, ते विदर्भातील होय. तिसरा लेख 'करहकट निगमस दान' असा आहे. येथे दाता व्यक्ती नसून निगम, म्हणजे व्यापारी नगराची संस्था, आहे. करहकट म्हणजे आजचे कऱ्हाड. दोन स्वरांमधील 'क' लोपला, 'ट'चा 'ड' झाला आणि स्वर एकत्र आले. वर्गात हा ध्वनिविकार आम्ही फळ्यावर एका ओळीत दाखवितो. त्या ओळीमागे कृष्णाकाठच्या एका पेठेने विंध्याच्या पलीकडील स्तूपासाठी द्रव्य पाठविले होते, ही गोष्ट मात्र फळ्यावर येत नाही.

दाते सर्व थरांतील आहेत. पाच निकाय जाणणारा 'पचनेकायिक' बुधरखित आहे, 'असवारिक' सुलध आहे, आणि स्वतः मूर्तिकार असलेला 'रुपकारक' बुधरखितही आहे. 'पचनेकायिक' या एका शब्दाने बौद्ध वाङ्मयाची पाच निकायांत झालेली विभागणी या काळी रूढ होती हे सिद्ध होते; ग्रंथांच्या हस्तलिखितांपेक्षा हा पुरावा कितीतरी शतकांनी जुना आहे.

दुसरा वर्ग नामलेखांचा, म्हणजे कोरलेल्या चित्रास दिलेल्या नावांचा. साँचीच्या वेदिकांवर व तोरणांवर दानलेख विपुल आहेत, पण प्रसंगचित्रांस नावे देण्याची रीत तेथे जवळजवळ नाही. भारहुत येथे मात्र यक्ष, यक्षी, देवता, राजे, वृक्ष, जातककथा यांच्या शेजारी त्यांची नावे आहेत : 'कुपिरो यखो', 'सुदसना यखी', 'चुलकोका देवता', 'राजा पसेनजि कोसलो'. संग्रहालयात आपण वस्तूशेजारची पट्टी वाचतो. येथे वस्तूनेच आपली पट्टी अंगावर वागविली आहे. लेखनपद्धती संक्षिप्त आहे. जोडाक्षरातील द्वित्त्व लिहीत नाहीत, अनुस्वार अनेकदा गाळतात. तेव्हा 'यखो' हे 'यक्खो' आणि 'थभो' हे 'थंभो' असे वाचावयाचे. प्रथमेचे एकवचन ओकारान्त आहे, आणि 'राजा' येथे 'राजा'च आहे, अशोकाच्या पूर्वेकडील लेखांतल्याप्रमाणे 'लाजा' नाही. यावरून या भाषेचा सामान्य कल पश्चिमेकडील प्राकृतांकडे दिसतो.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहिला त्याकडे वळतो. एका प्रसिद्ध पदकाखाली लेख आहे : 'जेतवन अनाधपेडिको देति कोटिसंथतेन केता'. कोट्यवधी नाणी पसरून विकत घेतलेले जेतवन अनाथपिंडिक देतो, असा भावार्थ. 'देति' हे वर्तमानकाळी रूप आहे. त्याचप्रमाणे 'एरपतो नागराजा भगवतो वदते', 'अजातसतु भगवतो वंदते' या लेखांतही वर्तमानकाळ आहे. घटना तर शिल्पाच्या आधी कित्येक पिढ्या घडून गेलेल्या. लेखकाने वर्गात याचे स्पष्टीकरण अनेक वर्षे असे दिले की, कोरणाऱ्याने जागेच्या अभावी सर्वांत आखूड रूप वापरले. हे स्पष्टीकरण चुकीचे होते, आणि ते चुकीचे आहे हे ध्यानात येण्यास त्या दगडासमोर उभे राहावे लागले.

पदकात एक बैलगाडी आहे. बैल सोडलेले आहेत. माणसे जमिनीवर चौकोनी नाणी ओळीने मांडीत आहेत. मध्ये अनाथपिंडिक हाती जलपात्र घेऊन दानाचे उदक सोडीत आहे. दोन कुटींवर 'गंधकुटि' व 'कोसंबकुटि' अशी नावे आहेत. पाणी अजून पडत आहे, नाणी अजून मांडली जात आहेत. लेख घडलेली घटना सांगत नाही. डोळ्यांपुढे चाललेली क्रिया दाखवितो. 'देति' हे बखरीतले क्रियापद नव्हे, बोट दाखवून बोलणाऱ्याचे क्रियापद आहे. या नियमास अपवाद आहेत. समुद्रातील तिमिंगिलाच्या पोटातून सुटलेल्या वसुगुताविषयी 'मोचितो' असे कृदन्त आले आहे. आणखी एका जातकाचे नाव 'यं बमनो अवयेसि' असे असून त्यात भूतकाळ स्पष्ट आहे. परंतु हे दुसरे उदाहरण नियमाला बळकटीच देते, कारण तेथे कथेला गाथेच्या आरंभीच्या शब्दांवरून नाव दिलेले आहे. तो भूतकाळ गाथेचा आहे, चित्राचा नव्हे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची वाटते. अजातशत्रूच्या चित्रात राजा वंदन करीत आहे, पण समोर बुद्ध नाही. आसन आहे, वर छत्र आहे, पायाशी पदचिन्हे आहेत. एरपत नागराजाही वृक्षाखालील रिकाम्या आसनापुढे नमला आहे. भारहुत येथे बुद्धाची मानवी मूर्ती कोठेच कोरलेली नाही. जे चित्राने दाखवावयाचे नाही ते शब्दाने सांगितले आहे : 'भगवतो'. व्याकरणदृष्ट्या ही षष्ठी असून येथे ती 'भगवंतास' या अर्थाने आली आहे. चतुर्थीचे कार्य षष्ठीकडे जाण्याचा प्राकृतातील हा ओघ मराठीच्या अभ्यासकास परिचित आहे; आपल्या '-स' प्रत्ययाचा संबंधही प्राकृत षष्ठीशी जोडला जातो. छापील संहितेत 'भगवतो' हे विभक्तिव्यत्ययाचे उदाहरण ठरते. दगडावर तेच पद रिकाम्या आसनावर कोण आहे हे सांगते. दोन्ही वाचने खरी आहेत. मात्र पहिले वाचन दुसऱ्यावाचून अपुरे आहे.

मग हे नामलेख कोणासाठी होते? सर्व यात्रेकरूंस वाचता येत असेल असे मानण्यास आधार नाही. चित्र दाखवून कथा सांगणारा कोणी तेथे असावा आणि हे लेख त्याच्या बोलण्याचा कणा असावेत, असे अनुमान करावयास जागा आहे. नासिक, करहकट, भोजकट, पाटलिपुत्र अशा भिन्न बोलींच्या प्रदेशांतून लोक जेथे जोडले गेले होते, तेथे स्थानिक स्मरणावर भिस्त न ठेवता नाव कोरून निश्चित करणे आवश्यक वाटले असणे शक्य आहे. एका चित्रास 'बिडाल जातक' आणि 'कुकुट जातक' अशी दोन नावे दिली आहेत. पाली संग्रहात 'मखादेव' असे रूप असलेल्या कथेचे नाव येथे 'मघादेविय' आहे. म्हणजे नावे अद्याप पूर्णपणे स्थिरावली नव्हती, आणि हे लेख पाली संग्रहाची नक्कल नसून परंपरेचा स्वतंत्र साक्षीदार आहेत.

येथेच संग्रहालयाच्या लाभाहानीचा विचार करणे प्राप्त आहे. विदिशेची चापदेवा, रेवतिमिताची भार्या, हिने एक खांब दिला आणि त्यावर 'पठमथभो दानं', म्हणजे 'पहिला खांब दान', असे कोरविले. 'पहिला' हा शब्द जागेवर अवलंबून असतो. प्रदक्षिणा कोठून सुरू होई, भक्ताचा पाय प्रथम कोठे पडे, हे ज्या मांडणीत उघड होते त्या मांडणीतच त्याला अर्थ. दालनातील प्रेक्षक दारातून येतो आणि सोयीप्रमाणे फिरतो. चापदेवेचा 'पहिला' त्याच्या दृष्टीने कितवाही असू शकतो. दगड भारहुतलाच राहिला असता तर बहुधा आज एखाद्या घराच्या पायात असता, हेही तितकेच खरे. संग्रहालयाने शब्द वाचविला. त्या शब्दाची दिशा वाचविणे त्याच्या हाती नव्हते. ती दिशा उत्खननाच्या नोंदी आणि लेख एकत्र वाचून परत मिळविणे हे अभ्यासकाचे काम आहे. वेदिकेच्या पूर्व तोरणावर कारागिरांनी खुणेसाठी खरोष्ठी अक्षरे कोरली आहेत. वायव्येकडील हात येथे राबले होते हे सांगणारी ती अक्षरे संहितेच्या वाचकाकडून सहज सुटतात, कारण ती वाक्य होत नाहीत.

तेव्हा आमच्या विभागात प्राकृत लेखांचे अध्यापन करताना प्रत्येक लेखासोबत त्याचे दगडावरील स्थान, शेजारचे चित्र आणि मूळ जागा यांची नोंद विद्यार्थ्याने करावी, असा पाठ यावर्षीपासून ठेवला आहे. शक्य असेल त्याने एकदा तरी त्या दालनात जावे. 'थभ' ज्या 'स्तम्भ'पासून आला त्याच धातूपासून आपले 'थांबणे' आले आहे. खांबास मात्र मराठीने 'स्कम्भ'पासून आलेला दुसरा शब्द पत्करला. चापदेवेच्या थभापुढे मराठी माणसाने निदान थांबावे, इतके तरी त्या जुन्या शब्दाचे आपल्यावर ऋण आहे.