कुडाची भिंत आणि कंपनांचे शास्त्र : सेवाग्राम ते किल्लारी

१/ ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळील सेगाव येथे राहावयास आले. हेच पुढे सेवाग्राम झाले. येथील 'आदि निवास' आणि 'बापू कुटी' माती, बांबू, लाकूड व कवेलूंच्या आहेत. परिसरात मिळेल त्याच साहित्यातून घर उभे राहावे, हा त्यामागील आग्रह होता.

२/ अभियांत्रिकीच्या भाषेत बांबू आणि मातीची अशी भिंत हे 'तंतू-प्रबलित संमिश्र' होय. माती दाब सोसते, पण ताणाने तडकते. हा ताण बांबूच्या कामट्या व तणस झेलतात. कार्बन फायबरचे सूत्रही हेच : तंतू, आणि त्यांना धरून ठेवणारे माध्यम.

३/ तंतूंचे दुसरे कार्य कंपन-शमनाचे. पितळी घंटेचा नाद घुमत राहतो. बांबूच्या टोपलीवर टिचकी मारा, आवाज तेथेच विरतो. हादऱ्यासरशी तंतू आणि माध्यम परस्परांवर घासतात व कंपनाच्या ऊर्जेची उष्णता होते.

४/ आता मराठवाड्याकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली.

५/ ती घरेही मातीचीच, मग घात कशाने झाला? भिंती जाड दगडांच्या, मातीत रचलेल्या. वर मातीचे जड धाबे. भिंतीचे आतले व बाहेरचे थर सांधणारे काहीच नव्हते. हादरा बसताच ते विलग होऊन ढासळले. गवताच्या हलक्या झोपड्यांनी मात्र तुलनेने निभावून नेले.

६/ याचे सारे श्रेय कंपन-शमनास देता येणार नाही. हलके वजन आणि लवचीकता ही कारणे अधिक मोठी. शिवाय सेवाग्रामच्या कुटी भूकंपाचा विचार करून बांधलेल्या नव्हत्या.

७/ कार्बन फायबर अत्यंत ताठ, परंतु कंपन शमवण्यात उणे. म्हणून त्याच्या थरांमध्ये रबरासारखे मऊ थर घालतात किंवा वनस्पतिजन्य तंतू मिसळतात. त्यांतील एक तंतू जवसाचा! विदर्भात चटणी-तेलासाठी पिकणारे जवस आणि युरोपात लिननसाठी पिकणारे फ्लॅक्स, वनस्पती एकच.

८/ किल्लारीनंतर 'मातीचे घर म्हणजे मृत्यू' अशी भीती मनामनांत बसली. ती स्वाभाविक होती, पण दोष केवळ मातीचा नव्हता. जड भार आणि सांधणाऱ्या दुव्याचा अभाव यांचा होता. वर्ध्याच्या कुडाच्या भिंतीत तो दुवा बांबूच्या रूपाने आजही आहे.