बोधात्मक विकास : उपपत्ती आणि अध्यापन

जन्मापासून प्रौढपणापर्यंत माणसाच्या विचारशक्तीत, स्मरणात, भाषेत व प्रश्न सोडविण्याच्या रीतीत होणारा बदल. शिक्षणशास्त्रात या विषयाची चर्चा मुख्यतः झां पियाजे (१८९६–१९८०), ल्येव व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) आणि जेरोम ब्रूनर (१९१५–२०१६) यांच्या उपपत्तींभोवती होते. मूल स्वतःच्या कृतीतून शिकते, हे तिघांनाही मान्य आहे. अध्यापनाने विकासाच्या मागून जावे की पुढून, यावर मात्र त्यांचे एकमत नाही. या नोंदीत प्राथमिक अंकगणिताला अधिक जागा दिली आहे, कारण या उपपत्तींची कसून तपासणी त्या क्षेत्रात झाली आहे.

पियाजे : स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे जन्म. मृदुकाय प्राण्यांवरील प्रबंधाला १९१८ मध्ये डॉक्टरेट. पुढे पॅरिसमध्ये मुलांच्या तर्कचाचण्यांचे प्रमाणीकरण करताना त्यांचे लक्ष चुकलेल्या उत्तरांकडे वेधले गेले. एका वयाची मुले साधारण एकाच तऱ्हेने चुकत होती. चूक हा मुलाच्या विचाराचा पुरावा मानायचा, ही त्यांची दृष्टी शिक्षकासाठी आजही सर्वांत मोलाची आहे. १९२१ पासून ते जिनीव्हाच्या रूसो इन्स्टिट्यूटमध्ये होते. स्वतःच्या तीन मुलांची तान्हेपणापासूनची निरीक्षणे त्यांनी नोंदवून ठेवली. अनुभव जुन्या चौकटीत बसविणे (आत्मसातीकरण), चौकटच बदलणे (समायोजन) आणि या दोहोंतून साधणारे संतुलन ही त्यांच्या मते विकासाची यंत्रणा. त्यांनी मांडलेल्या अवस्था चार : वेदन-कारक (सुमारे २ वर्षांपर्यंत), क्रियापूर्व (२ ते ७), मूर्त क्रियात्मक (७ ते ११) व औपचारिक क्रियात्मक (११ नंतर). पियाजे वयापेक्षा अवस्थांच्या क्रमाला महत्त्व देत. पाठ्यपुस्तकांतून मात्र वयेच पाठ करवली जातात.

अक्षय्यतेचा प्रयोग : समोरासमोर सारख्या सोंगट्यांच्या दोन रांगा मांडतात. दोन्हींत तितक्याच आहेत, हे मूल कबूल करते. मग एक रांग पसरवून पुन्हा विचारतात. चार-पाच वर्षांची बरीच मुले लांब रांगेत जास्त सोंगट्या आहेत असे सांगतात. मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही, ही समज अजून आलेली नाही, असा पियाजेंचा निष्कर्ष होता.

त्यावरचा गंभीर आक्षेप एडिंबरा विद्यापीठातील मार्गारेट डोनाल्डसन व जेम्स मॅकगॅरिगल यांचा (१९७४). त्यांनी रांग स्वतः न पसरवता एका खोडकर अस्वलाच्या बाहुलीकडून विस्कटवली. चार ते सहा वर्षांच्या ८० मुलांपैकी नेहमीच्या पद्धतीत १३, तर बाहुलीच्या पद्धतीत ५० मुलांनी योग्य उत्तर दिले. मोठे माणूस मुद्दाम काही बदलते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते, तेव्हा आपले पहिले उत्तर चुकले असावे असे मुलाला वाटते, असा अर्थ यातून लावला गेला. रोझ व ब्लँक यांनी त्याच वर्षी फक्त शेवटचा प्रश्न ठेवून पाहिला, तेव्हाही मुलांच्या चुका कमी झाल्या. उलट बाजूने, बाहुलीच्या गमतीत मुलांचे सोंगट्यांवरून लक्षच उडते, अशीही शंका घेतली गेली. वाद पूर्ण मिटलेला नाही. तरी वर्गासाठी एक गोष्ट पक्की आहे : बरोबर उत्तरानंतर शिक्षकाने तोच प्रश्न पुन्हा विचारला, की मूल उत्तर बदलू शकते, आणि त्या बदललेल्या उत्तरावरून त्याची समज ठरवू नये.

संस्कृती व सराव : मेक्सिकोतील कुंभारांच्या मुलांना मातीचा आकार बदलला तरी माती तितकीच राहते, हे इतर मुलांच्या मानाने चांगले उमगले होते (प्राइस-विल्यम्स व सहकारी, १९६९). ब्राझीलमधील रेसिफे येथे पाच बालविक्रेत्यांची पाहणी झाली (१९८५). बाजारात त्यांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली, पण तशीच गणिते नुसत्या आकड्यांत लिहून दिली तेव्हा सुमारे ३७ टक्के. १२ वर्षांच्या एका नारळविक्रेत्याने ३५ क्रुझेरोंच्या भावाने दहा नारळांची किंमत काढताना शून्य जोडले नाही. तीन नारळांचे १०५ धरून तो टप्प्याटप्प्याने ३५० पर्यंत पोचला. अशा मुलाला ‘मूर्त अवस्थेतला’ म्हणून थांबणे शिक्षकाला परवडणारे नाही. त्याची रीत फळ्यावर मांडून तेथून लेखी गुणाकाराकडे जाता येते.

व्हिगॉट्स्की : बेलारूसमधील ओर्शा येथे जन्म, गोमेल येथे बालपण, १९२४ पासून मॉस्कोत संशोधन. क्षयाने वयाच्या ३७ व्या वर्षी मृत्यू. १९३६ च्या सोव्हिएत हुकुमानंतर त्यांचे लेखन बराच काळ दडपले गेले. ‘विचार आणि भाषा’ (१९३४) हा ग्रंथ इंग्रजीत १९६२ मध्ये आला. पियाजेंच्या मते मुलांचे स्वतःशी बोलणे आत्मकेंद्री असून वयानुसार ते ओसरते. व्हिगॉट्स्कींनी मुलांच्या कामात मुद्दाम अडथळे आणले, तेव्हा हे बोलणे जवळजवळ दुप्पट झाले. ते ओसरत नाही, आत वळते आणि विचाराचे साधन होते, असे त्यांचे प्रतिपादन. गणित सोडवताना पुटपुटणाऱ्या मुलाला गप्प बसवण्याआधी हा प्रयोग आठवावा.

त्यांची दुसरी प्रसिद्ध कल्पना समीप विकासाच्या क्षेत्राची. चाचणीत दोन मुलांचे मानसिक वय आठ येते. थोडी मदत दिल्यावर एक बारा वर्षांच्या पातळीचे प्रश्न सोडवतो, दुसरा नऊच्या. दोघांना एकच पाठ देणे चूक, आणि चांगले अध्यापन विकासाच्या किंचित पुढे असते.

ब्रूनर : कृतिरूप, प्रतिमारूप व प्रतीकरूप अशा मांडणीच्या तीन रीती, तोच विषय वाढत्या खोलीने पुन्हा घेणारा सर्पिल अभ्यासक्रम (१९६०). वुड, ब्रूनर व रॉस यांच्या १९७६ च्या लेखात तीन ते पाच वर्षांची मुले मदतीने २१ ठोकळ्यांचा मनोरा रचतात. बांधकामाच्या परांचीप्रमाणे शिक्षकाचा आधार काम जमू लागताच काढून घ्यायचा असतो, हा त्यातला मुद्दा.

माहिती-प्रक्रिया उपपत्ती : स्मृतीची धारणक्षमता व विचारपद्धतींची निवड यांवर भर, रॉबर्ट सीग्लर यांच्या मते एकच मूल एकाच काळात अनेक पद्धती वापरते.

महाराष्ट्रात : २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने रचनावादाला, म्हणजे मूल आपले ज्ञान स्वतः रचते या विचाराला, मान्यता दिली. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळांमुळे ‘ज्ञानरचनावादी वर्ग’ ही कल्पना राज्यभर पोचली. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. मण्यांची माळ, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे व सुट्या काड्या ही साधने ब्रूनरच्या तीन रीतींशी चांगली जुळतात. मात्र रंगवलेल्या फरशीने वर्ग रचनावादी होत नाही. गठ्ठा सोडून वजाबाकी करताना मूल काय बोलते हे ऐकणारा शिक्षक तेथे हवा. शिक्षक पात्रता परीक्षेत बालविकास व अध्यापनशास्त्राला ३० गुण आहेत.

२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ असे वाचन आले, तेव्हा विधानसभेतही चर्चा झाली. संख्यानामांचा मुलाच्या दशक-एकक समजुतीवर परिणाम होतो का, हा प्रश्न व्हिगॉट्स्कींच्या भाषाविचाराशी थेट निगडित आहे.