कामांच्या यादीचा इतिहास : टिपणवहीपासून साध्या ॲपपर्यंत

प्रस्तावना

मराठीतील ‘यादी’ हा शब्द फारसी ‘याद’ या शब्दापासून आलेला आहे. ‘याद’ म्हणजे आठवण. मराठेशाहीच्या दफ्तरांतही निरनिराळ्या बाबींच्या टिपणाला ‘याद’ अथवा ‘यादी’ असे म्हटले जाई. लॅटिनमधून इंग्रजीत आलेल्या ‘मेमोरँडम’ या शब्दाचा मूळ अर्थही ‘लक्षात ठेवावयाची गोष्ट’ असाच आहे. दोन दूरच्या भाषापरंपरांमध्ये यादीचे नाते स्मरणाशी जोडले गेले आहे, ही बाब लक्षणीय होय. मनुष्य यादी करतो ती प्रथमतः आपल्या स्मरणशक्तीवरील भार हलका करण्यासाठी.

आज हे काम मोबाईलवरील लहानशा ॲपद्वारे केले जाते. काम लिहावे, पूर्ण झाल्यावर त्यापुढील चौकोनात खूण करावी, एवढेच त्याचे स्वरूप असते. या साधनाकडे सामान्यतः तंत्रज्ञानातील एक नवी सोय म्हणून पाहिले जाते. तथापि त्यामागे सुमारे तीनशे वर्षांचा इतिहास आहे. या इतिहासात साधने वारंवार बदलली. परंतु यादी कोण लिहितो आणि ती कोणाच्या ताब्यात असते, हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर कायम राहिला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या आधारे कार्यसूचीच्या वाटचालीचा आढावा घेण्यात आला आहे.

१) फ्रँकलिन यांची हस्तिदंती पाने

वैयक्तिक कार्यसूचीच्या इतिहासात बेंजामिन फ्रँकलिन (१७०६-१७९०) यांचे उदाहरण महत्त्वाचे आहे. फिलाडेल्फिया येथे मुद्रक म्हणून व्यवसाय करीत असताना त्यांनी आत्मसुधारणेसाठी १३ सद्गुणांची यादी तयार केली. प्रत्येक आठवड्यात एका सद्गुणावर विशेष लक्ष द्यावयाचे, म्हणजे १३ आठवड्यांत एक फेरी व वर्षभरात चार फेऱ्या पूर्ण होतात, असा त्यांचा हिशेब होता. दिवसभरात घडलेल्या चुकांची नोंद काळ्या ठिपक्यांनी केली जाई. कागदावर वारंवार खोडाखोड झाल्याने वहीला भोके पडू लागली. तेव्हा त्यांनी टिपणवहीच्या हस्तिदंती पानांवर लाल शाईने कायमचे तक्ते आखून घेतले. त्यांवर पेन्सिलीने केलेल्या खुणा ओल्या स्पंजने पुसता येत असत. आज पडद्यावरील खूण पुसून यादी पुन्हा कोरी केली जाते, तिचे हे पूर्वरूपच म्हणावे लागेल.

या वहीतच त्यांनी २४ तासांचे वेळापत्रक मांडले होते. पहाटे ५ वाजता उठणे, ८ ते १२ व २ ते ६ काम, रात्री १० वाजता झोप, असा त्याचा आराखडा होता. आज कोणते सत्कार्य करावे, असा प्रश्न सकाळी आणि आज कोणते सत्कार्य घडले, असा प्रश्न सायंकाळी ते स्वतःस विचारीत.

या योजनेतील अपयशाची त्यांनी दिलेली कबुली अधिक बोधप्रद आहे. आत्मचरित्राचा संबंधित भाग त्यांनी १७८४ मध्ये फ्रान्समधील पासी येथे लिहिला. त्यात ते सांगतात की, १३ सद्गुणांपैकी ‘व्यवस्थितपणा’ या गुणाने त्यांना सर्वाधिक त्रास दिला. ज्याचा वेळ त्याच्या स्वाधीन आहे, त्याला वेळापत्रक पाळणे शक्य आहे. परंतु लोकांत मिसळणाऱ्या व त्यांच्या सोयीच्या वेळी त्यांना भेटणाऱ्या व्यवसायमालकाला ते काटेकोरपणे पाळता येत नाही, असा त्यांचा अनुभव होता. यावरून असे दिसून येते की, यादीचे यश केवळ इच्छाशक्तीवर अवलंबून नसते. व्यक्तीची आपल्या वेळेवर कितपत सत्ता आहे, यावरही ते अवलंबून असते.

२) कारखान्यातील चिठ्ठी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कामाची यादी कारखान्यात पोहोचली आणि तिचा लेखक बदलला. फ्रेडरिक विन्स्लो टेलर यांनी १८९८ ते १९०१ या काळात पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात काम केले. त्यांचा ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट’ हा ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘ठरवून दिलेले काम’ ही कल्पना या पद्धतीच्या केंद्रस्थानी होती. प्रत्येक कामगाराचे काम व्यवस्थापनाने किमान एक दिवस आधी निश्चित करावे आणि काय, कसे व किती वेळात करावयाचे याच्या लेखी सूचना त्याला द्याव्यात, असे टेलर यांचे प्रतिपादन होते.

बेथलेहेमच्या आवारातील मजुरांबाबत त्यांनी दिलेले वर्णन उद्बोधक आहे. मजूर सकाळी कामावर आला की आपल्या क्रमांकाच्या खणातून दोन कागद घेई. कोणती अवजारे घ्यावयाची व कोठे काम सुरू करावयाचे, हे एका कागदावर असे. दुसऱ्यावर आदल्या दिवशीच्या कामाचा हिशेब असे. अनेक मजुरांना वाचता येत नव्हते. परंतु पिवळा कागद मिळाला की काम अपुरे पडले, हे त्यांना रंगावरूनच समजत असे.

फ्रँकलिन यांची यादी आणि ही चिठ्ठी यांत वरवर पाहता साम्य आहे. दोन्हींत दिवसाचे काम आधी ठरविले जाते आणि दिवसअखेर त्याची तपासणी होते. मात्र फ्रँकलिन स्वतःच यादी लिहीत आणि स्वतःच तपासत. बेथलेहेमच्या मजुराकडे यापैकी कोणताही अधिकार नव्हता. या पद्धतीला विरोधही झाला. १९११ मध्ये वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्रागारातील ओतकाम करणाऱ्या कामगारांनी संप पुकारला आणि त्यानंतर अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या विशेष समितीने टेलर पद्धतीची चौकशी केली.

आयव्ही ली या प्रसिद्धी-सल्लागाराविषयीची आख्यायिकाही बेथलेहेम स्टीलशीच निगडित आहे. १९१८ च्या सुमारास ली यांनी कंपनीचे प्रमुख चार्ल्स श्वॉब यांच्या अधिकाऱ्यांना, उद्याची सहा महत्त्वाची कामे आज क्रमाने लिहावीत व पहिले संपल्याखेरीज दुसरे हाती घेऊ नये, असा सल्ला दिला, असे सांगितले जाते. ही कथा पुढील काळातील पुस्तकांतून पसरली असल्याने तिला आख्यायिका मानणेच योग्य होय. तरीही ती एक भेद सूचित करते. मजुराला लिहिलेली चिठ्ठी मिळे. अधिकाऱ्याला मात्र आपली यादी स्वतः करण्याचा सल्ला मिळाला.

३) अपूर्ण कामाचे मानसशास्त्र

यादीमुळे मन हलके का होते, याचे स्पष्टीकरण विसाव्या शतकातील मानसशास्त्राने देण्याचा प्रयत्न केला. बर्लिन येथे कुर्ट लेविन यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये आपले संशोधन प्रसिद्ध केले. प्रयोगात सहभागी व्यक्तींना सुमारे २० लहान कामे देण्यात आली व त्यांपैकी निम्मी मध्येच थांबविण्यात आली. पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अपूर्ण राहिलेली कामे अधिक लक्षात राहतात, असे त्यांना आढळले. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम सर्वत्र सारखा आढळला नाही. तथापि अपूर्ण काम मनात घोळत राहते, हा सामान्य अनुभव त्यामुळे अभ्यासाचा विषय बनला.

२०११ मध्ये मॅसिकॅम्पो व बाऊमायस्टर यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या विषयाला महत्त्वाची जोड दिली. अपूर्ण उद्दिष्टाचा विचार अन्य कामात व्यत्यय आणतो. परंतु ते कधी व कसे पूर्ण करावयाचे याची निश्चित योजना केल्यास हा व्यत्यय कमी होतो, असे त्यांच्या प्रयोगांत दिसून आले. काम पूर्ण होण्यापूर्वीच, केवळ योजनेमुळे, मनाला उसंत मिळू शकते, असा याचा अर्थ होतो.

४) संगणकापासून खिशापर्यंत

वैयक्तिक संगणकाच्या प्रसारानंतर यादी संगणकात गेली. लोटस कंपनीने १९८८ मध्ये ‘अजेंडा’ हा कार्यक्रम बाजारात आणला. वापरकर्त्याने टिपण लिहावे आणि संगणकाने त्यातील मजकुरावरून त्याचे वर्गीकरण करावे, अशी त्याची महत्त्वाकांक्षी रचना होती. जाणकारांनी त्याचे कौतुक केले. परंतु तो शिकण्यास कठीण असल्याने सामान्य वापरात रुजला नाही.

याउलट १९९६ मध्ये आलेल्या ‘पाम पायलट’ या खिशात मावणाऱ्या उपकरणाने साधेपणाचा मार्ग स्वीकारला. त्याचे जनक जेफ हॉकिन्स हे उपकरण तयार होण्यापूर्वी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात बाळगत आणि नोंद करण्याची वेळ आली की त्यावर लिहिल्याचा अभिनय करीत. कोणती सोय खरोखर लागते, हे त्यांना त्यातून समजले. दैनंदिनी, पत्ते, कामांची यादी आणि टिपणे या चारच गोष्टींसाठी उपकरणावर चार स्वतंत्र कळा होत्या. कामाची नोंद, १ ते ५ असा अग्रक्रम, मुदतीची तारीख आणि पूर्ण झाल्याची खूण, इतकेच त्यातील यादीचे स्वरूप होते. आजच्या साध्या ॲपमध्येही मूलतः हेच घटक आढळतात.

पामवरील ‘ग्राफिटी’ ही लेखनपद्धती मुळात रोमन अक्षरांसाठी रचलेली होती. मराठी वापरकर्त्यालाही आपली यादी रोमन लिपीतच लिहावी लागे. युनिकोडमुळे आणि मोबाईलवरील देवनागरी कळफलकामुळे ही अडचण पुढे दूर झाली. ‘वीजबिल भरणे’ किंवा ‘दळण आणणे’ ही नोंद आज मनात येते त्याच भाषेत करता येते.

२००१ मध्ये डेव्हिड ॲलन यांचे ‘गेटिंग थिंग्ज डन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. सर्व कामे मनाबाहेर एका विश्वासार्ह ठिकाणी नोंदवावीत, प्रत्येकाची पुढील प्रत्यक्ष कृती ठरवावी आणि दर आठवड्याला यादीचा आढावा घ्यावा, असे त्यांनी सुचविले. पुढील दशकातील अनेक ॲपवर या विचाराचा प्रभाव पडला.

५) यादी कोणाच्या ताब्यात?

ॲपच्या युगात मालकीचा प्रश्न नव्या स्वरूपात उपस्थित झाला. बर्लिन येथील कंपनीने २०१० मध्ये सुरू केलेले ‘वंडरलिस्ट’ हे ॲप त्याच्या सुटसुटीतपणामुळे लोकप्रिय झाले. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी विकत घेतली. २०१७ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट टू डू’ हे नवे ॲप आले आणि ६ मे २०२० रोजी वंडरलिस्ट बंद करण्यात आले. संस्थापक ख्रिस्तियन रेबर यांनी २०१९ मध्ये ते परत विकत घेण्याची जाहीर तयारी दर्शविली होती. परंतु तसे घडले नाही. वापरकर्त्यांना आपल्या याद्या नव्या ॲपमध्ये नेण्याची सोय मिळाली. तथापि रोजच्या सवयीचे साधन ठेवावे की बंद करावे, या निर्णयात त्यांना स्थान नव्हते. ‘ॲस्ट्रिड’ या ॲपचीही याहूची मालकी आल्यानंतर २०१३ मध्ये अशीच अखेर झाली.

याच काळात दोन वेगळे प्रयत्न झाले. जीना ट्रपानी यांनी २००६ मध्ये ‘टूडू.टीएक्सटी’ ही पद्धती मांडली. संपूर्ण यादी एका साध्या मजकूर-फाईलमध्ये ठेवावयाची आणि एका ओळीत एकच काम लिहावयाचे, हा तिचा नियम. अशी फाईल कोणत्याही संगणकावर उघडत असल्याने कोणतीही कंपनी बंद पडली तरी यादी शिल्लक राहते. दुसरीकडे, संगणकीय उत्पादनांचे रचनाकार असलेल्या रायडर कॅरोल यांनी २०१३ मध्ये ‘बुलेट जर्नल’ ही कागदी वहीची पद्धती लोकांसमोर ठेवली. महिन्याच्या अखेरीस अपूर्ण कामे हाताने पुढील पानावर उतरवून घ्यावीत, असे त्यात अपेक्षित आहे. जे काम पुन्हा लिहिण्याचेही श्रम घ्यावेसे वाटत नाहीत, ते सोडून द्यावे. ॲपमध्ये अपूर्ण काम आपोआप पुढे सरकते आणि निवड न करताच यादी वाढत जाते. कागदावरील कष्ट मात्र माणसाला निवड करावयास लावतात.

६) साध्या ॲपचा विवेकपूर्ण वापर

वरील इतिहासातून वापराची काही सूत्रे हाती लागतात. नोंद क्रियेच्या रूपात असावी; ‘प्रबंध’ असे न लिहिता ‘प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाची मुद्रिते तपासणे’ असे लिहावे. सर्व कामांची मोठी यादी आणि आजची छोटी यादी वेगळ्या ठेवाव्यात. आठवड्यातून एकदा जुन्या नोंदी वाचून ज्यांचे प्रयोजन संपले त्या काढून टाकाव्यात. यादीची प्रत साध्या मजकुरात बाहेर काढण्याची सोय ॲपमध्ये आहे किंवा नाही, हे प्रारंभीच पाहावे. याशिवाय दिवसातील काही वेळ यादीबाहेर राखून ठेवावा. लोक त्यांच्या सोयीने येतात, हा फ्रँकलिन यांचा अनुभव आजही खराच आहे.

निष्कर्ष

१. कार्यसूचीचे साधन हस्तिदंती पानापासून मोबाईलच्या पडद्यापर्यंत बदलले. काम लिहिणे, निवडणे आणि तपासणे या तिच्या मूळ क्रिया मात्र त्याच राहिल्या.

२. यादी करणाऱ्याच्या हाती असेल तर ती आत्मपरीक्षणाचे साधन ठरते. तीच दुसऱ्याने लिहून दिली की नियंत्रणाचे साधन बनते.

३. अजेंडा व पाम पायलट यांच्या तुलनेवरून, वैयक्तिक वापरात साधेपणा हा उणेपणा नसून टिकाऊपणाचा आधार असल्याचे दिसते.

४. ॲपमुळे यादी पुन्हा व्यक्तीच्या खिशात आली असली, तरी तिचा ताबा अनेकदा दूरच्या कंपनीकडे राहतो. त्यामुळे यादीची स्वतंत्र प्रत जवळ बाळगणे हिताचे ठरते.

५. यादी स्मरणाचा भार उचलते. निवडीचा भार ती उचलू शकत नाही. कोणते काम करावे आणि कोणते सोडावे, हे ठरविण्याची जबाबदारी फ्रँकलिन यांच्याप्रमाणेच आजच्या वापरकर्त्यावरही आहे, आणि त्याचे स्वातंत्र्यही त्या जबाबदारीतच आहे.