आराधनेचा एक तास

संभाजीनगरच्या देवळात पहिल्या शुक्रवारी तासभर गप्प बसून काय करता, असे शेजारणी विचारीत. वेदीवर पवित्र भाकर मांडतात. तीत प्रभू आहे, ही आमची श्रद्धा.

तिचा सण व्हावा म्हणून बेल्जियममधील लीजची मठवासिनी ज्युलियाना झटली. तिला मठ सोडावा लागला. १२५८ साली ती परगावीच वारली. पोप चौथे अर्बन यांनी १२६४ साली तो सण सर्वत्र लावून दिला. पुढे आराधनेची रीत वाढली. सातशे वर्षांनी, १९६४ साली, मुंबईत परमप्रसादाची जागतिक परिषद भरली. पोप सहावे पॉल आले.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा माझा हा तास बुडू लागला. शेजारणी आळीपाळीने त्यांच्याजवळ बसल्या. आता आराधनेत मी प्रथम त्या शेजारणींचीच नावे घेते.