सुरक्षा परिषदेतील अस्थायी सदस्यांची निवडणूक

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतील मुदतबंद जागा भरण्याची पद्धती. चीन, फ्रान्स, रशिया, ब्रिटन व अमेरिकेची संयुक्त संस्थाने हे परिषदेचे पाच स्थायी सदस्य असून त्यांना नकाराधिकार आहे. उर्वरित दहा सदस्य आमसभा दोन वर्षांसाठी निवडते. त्यांपैकी पाच दरवर्षी निवृत्त होतात. सनदेच्या अनुच्छेद २३ नुसार निवृत्त होणारा सदस्य लागलीच पुन्हा निवडणुकीस पात्र नसतो. मतदान गुप्त असते आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्या राष्ट्रांची दोनतृतीयांश मते आवश्यक असतात. ती न मिळाल्यास फेऱ्या चालू राहतात. १९७९ मध्ये क्यूबा व कोलंबिया यांच्यात १५४ फेऱ्या निष्फळ ठरल्या आणि अखेर जानेवारी १९८० मध्ये मेक्सिकोची निवड झाली.

आरंभी अस्थायी जागा सहा होत्या. त्यांच्या वाटपाविषयी १९४६ मध्ये अलिखित समझोता झाला. त्यात एक जागा राष्ट्रकुलाकडे होती, मात्र आशिया व आफ्रिका या खंडांचा स्वतंत्र विचार नव्हता. नवस्वतंत्र राष्ट्रांची संख्या वाढताच ही विषमता प्रकर्षाने जाणवू लागली. आमसभेच्या १९६३ च्या ठरावानुसार सनदेत दुरुस्ती होऊन १९६५ पासून अस्थायी जागा दहा झाल्या : आशिया-आफ्रिका पाच, लॅटिन अमेरिका दोन, पश्चिम यूरोप व इतर दोन आणि पूर्व यूरोप एक. स्थायी सदस्यत्व व नकाराधिकार यांना मात्र धक्का लागला नाही.

भारताने १९४७ मध्ये युक्रेनविरुद्ध उमेदवारी केली. परंतु अनेक फेऱ्यांनंतर त्यास माघार घ्यावी लागली. पुढे कॅनडाने रिक्त केलेल्या राष्ट्रकुलाच्या जागेवर तो १९५०–५१ साठी निवडून आला. जून १९५० मध्ये कोरियन युद्धास तोंड फुटले, तेव्हा परिषदेचे अध्यक्षपद भारताचे प्रतिनिधी बेनेगल नरसिंह राव यांच्याकडे होते. त्यानंतर १९६७–६८ व १९७२–७३ मध्ये भारत सदस्य होता.

महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण परराष्ट्रमंत्री असताना (१९७४–७७) भारताला पराभव व विजय दोन्ही पाहावे लागले. १९७५ मध्ये आशियाई जागेसाठी पाकिस्तानशी लढत होऊन आठव्या फेरीत पाकिस्तान निवडून आला. पुढील वर्षी भारत १९७७–७८ करिता निवडला गेला. मार्च १९७७ मध्ये केंद्रात सत्तांतर झाले व या सदस्यत्वाचा बहुतांश काळ जनता सरकारच्या वाट्यास आला. जागा राष्ट्राची असते, शासनाची नव्हे, हे यातून स्पष्ट होते.

यानंतर भारत १९८४–८५ व १९९१–९२ मध्ये सदस्य होता. १९९६ मध्ये जपानला १४२, तर भारताला केवळ ४० मते मिळाली. पुढील सदस्यत्वासाठी २०११ उजाडावे लागले. २०१० च्या निवडणुकीत १९० पैकी १८७ आणि २०२० मध्ये १९२ पैकी १८४ मते भारतास मिळाली.

अस्थायी सदस्यांना नकाराधिकार नसला, तरी त्यांचे महत्त्व नाममात्र नाही. पंधरापैकी नऊ मतांवाचून ठराव संमत होत नाही. म्हणजे पाचही स्थायी सदस्य एकत्र आले, तरी त्यांना किमान चार निर्वाचित सदस्यांची साथ लागते. तथापि प्रतिनिधित्वाच्या विषमतेचा मूळ प्रश्न १९६५ च्या विस्ताराने सुटलेला नाही. स्थायी सदस्यत्वासाठी भारत, जपान, जर्मनी व ब्राझील यांनी केलेल्या मागणीचे मूळ त्यातच आहे.