कडुनिंबाचा पाला आणि म्युनिकचा निकाल



वर्षाचे गहू भरून ठेवायची पद्धत आता आपल्यापैकी किती घरांत उरली आहे कोण जाणे! आमच्या लहानपणी मात्र उन्हाळा म्हणजे अंगणात वाळणारं धान्य, हे समीकरण ठरलेलं. आजी गहू कडक उन्हात वाळवायची, निवून थंड झाले की कणगीत भरायची आणि मध्ये मध्ये सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालायची. डाळीला एरंडेलाचा हात. कडधान्यांत चाळलेली राख. पोरकिडे व्हायचे नाहीत असं नव्हे, पण कमी व्हायचे. संध्याकाळी डास वाढले की गोवरीच्या निखाऱ्यावर तोच पाला पडायचा आणि घरभर धूर. आम्ही खोकत अंगणात पळायचो, डासही पळायचे!

मग गावात फवारणीवाले आले. पाठीवर पंप, भिंतींवर पांढरट डाग आणि दारावर रंगवलेली तारीख. ती डीडीटी. स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांना तिचा कीटक मारण्याचा गुण १९३९ मध्ये सापडला, त्याबद्दल १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज डीडीटीला नावं ठेवणं सोपं आहे. पण इतिहास शिकवणाऱ्याने दोन्ही पानं वाचायची असतात. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाखांच्या आसपास माणसं दगावत. १९५३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि १९६१ पर्यंत रुग्णांचा आकडा पन्नास हजारांवर आला. ही काही लहान गोष्ट नव्हे. आमच्या घरातले ढेकूणही त्याच सुमारास दिसेनासे झाले होते.

पण किडे आपल्यापेक्षा चिवट निघाले. जे मेले नाहीत त्यांची प्रजा वाढली. ढेकूण परतले आणि हिवतापही. १९७६ मध्ये रुग्णांचा आकडा पुन्हा साठ लाखांच्या वर गेला होता. १९६२ मध्ये अमेरिकेत रेचल कार्सन यांचं ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झालं आणि या पावडरी जमिनीत, माशांत, पक्ष्यांत साठत जातात हे सामान्य वाचकाला कळलं. आपल्याकडे शेतीत डीडीटी वापरायला १९८९ मध्ये बंदी आली, बीएचसीवर १९९७ मध्ये.

गंमत अशी, की ज्या वर्षी कार्सनबाईंचं पुस्तक आलं त्याच वर्षी दिल्लीच्या पुसा संस्थेत एस. प्रधान आणि त्यांचे सहकारी टोळांवर निंबोळीचा प्रयोग करत होते. निंबोळीच्या गराचं पाणी फवारलेल्या पिकावर टोळ उतरले, पण त्यांनी ते खाल्लं नाही. त्याआधी १९५९ मध्ये सुदानमध्ये हाइनरिश श्मुटेरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने टोळधाड पाहिली होती. सगळं हिरवं फस्त झालं, कडुनिंब तेवढा उभा! १९६८ मध्ये त्यातलं मुख्य द्रव्य, अझाडिरॅक्टिन, वेगळं काढता आलं. हे द्रव्य किडीला जागच्या जागी मारत नाही. तिची भूक मरते, अळीला नीट कात टाकता येत नाही, वाढ खुंटते. म्हणून फवारल्यावर दुसऱ्या दिवशी किडे दिसले तर निराश होऊ नये.

आता खरी गोष्ट. १९९४ मध्ये म्युनिकच्या युरोपीय पेटंट कार्यालयाने कडुनिंबाच्या तेलाने झाडांवरची बुरशी रोखण्याच्या पद्धतीचं पेटंट अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना दिलं. वंदना शिवा, बेल्जियमच्या मागदा आल्व्हूट आणि सेंद्रिय शेतीवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी हरकत घेतली. २००० मध्ये पेटंट रद्द झालं, अपील २००५ मध्ये फेटाळलं गेलं. दहा वर्षं लागली! हळदीच्या पेटंटचीही तीच कथा. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ३२ लेखी संदर्भ पुढे ठेवले, तेव्हा १९९७ मध्ये ते अमेरिकेत रद्द झालं. तिथल्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातला नुसता वापर पुरावा म्हणून चालत नसे, छापील मजकूर लागे.

माझी आजी निरक्षर होती. तिचं ज्ञान त्या कायद्यापुढे शून्य! हे वाचल्यापासून मला ते डाचतं आहे.

पण लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. जुनं ते सगळं निर्धोक, असं मुळीच नाही. धान्यात पाऱ्याच्या गोळ्या घालायची चाल कित्येक घरांत होती, आणि पारा विषच. तंबाखूचा काढा मावा मारतो, पण त्यातलं निकोटिन माणसालाही घातक. कडुनिंबाचं तेलसुद्धा तान्ह्या बाळाला पाजलं तर जिवावर बेतू शकतं. १९८१ मध्ये मलेशियातून अशा विषबाधेची नोंद झाली आहे. प्रमाण लिहिलं तर ते तपासता येतं, आणि तपासलं तरच पाला ठेवायचा की पारा टाकून द्यायचा हे ठरतं.

म्हणून माझ्यापासून सुरुवात. कुंड्यांतल्या झाडांसाठी ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात. सकाळी फडक्यातून गाळून एक लिटर पाणी करावं, साबणाचा दोन ग्रॅम चुरा घालावा. उन्हात हे द्रव्य लवकर निकामी होतं, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी. दर वेळी ताजं करावं. मावा आणि पिठ्या ढेकूण कमी होतात. त्यांना खाणारा ढालकिडा झाडावर दिसला तर फवारूच नका, त्याला त्याचं काम करू द्या.

तुमच्या घरातल्या ऐंशी-नव्वदीच्या आजी, आत्या, मावशी काय करत असत ते त्यांना विचारा. किती घ्यायचं, कधी, कशावर, आणि कधी उपयोग झाला नाही, तेसुद्धा. वर तारीख घाला, गावाचं नाव घाला. भाचरं, पुतणे, नातवंडं, सगळ्यांना सांगतो आहे. या माणसांपाशी आता फार उन्हाळे उरलेले नाहीत.