जुहूचे मैदान आणि हडपसरचा माळ

ज्या विद्येला इंधनाचा थेंबही लागत नाही ती विद्या महाग का पडावी, हा प्रश्न ग्लायडरचे नाव ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात प्रथम उभा राहतो. ग्लायडर म्हणजे इंजिनावाचून उडणारे विमान. त्याला पेट्रोल लागत नाही, त्याच्या पोटात यंत्राची धडधड नसते, आणि एकदा ते पुरेशा उंचीवर पोचले की तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने ते घारीप्रमाणे तासन्‌तास घिरट्या घालू शकते. असे असूनही मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या ज्या पट्ट्यात भारतातील नागरी विमानविद्येचा आरंभ झाला त्याच पट्ट्यात, ही सर्वांत अल्पखर्ची उड्डाणविद्या कधीच मूळ धरू शकली नाही. तिचा शोध घेत निघालेल्या उपनगरवासी तरुणाला घाट चढून पुण्यापलीकडच्या हडपसरला जावे लागले. या वस्तुस्थितीची कारणमीमांसा करावयाची तर उड्डाणाचा जमाखर्च मांडावा लागतो, आणि तो मांडताना असे आढळते की खर्चाची सर्वांत जड बाब आकाशात नसून जमिनीवर आहे.

हा जमाखर्च प्रथम जर्मनीत मांडला गेला. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने त्या देशाच्या इंजिनयुक्त विमानांवर कडक निर्बंध घातले, तेव्हा हवेत जाण्याची ज्यांची ओढ मावळली नव्हती अशा विद्यार्थ्यांनी व कारागिरांनी ऱ्होन पर्वतातील वासरकुप्पे नावाच्या टेकडीवर इंजिनाविना उडण्याचे प्रयोग आरंभिले. ओस्कर उर्सिनुस या उत्साही संपादकाच्या पुढाकाराने 1920 मध्ये तेथे पहिली स्पर्धा भरली, आणि दोनच वर्षांनी हॅनोव्हरच्या तंत्रविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडवलेल्या ‘व्हँपायर’ नावाच्या ग्लायडरने एका तासाहून अधिक काळ हवेत राहून साऱ्या जगाला चकित केले. त्या मंडळींजवळ पैसा नव्हता. लाकूड तासणे, कापड ताणून बसवणे, त्यावर लेप चढवणे, उतरलेले विमान खांद्यांनी रेटीत पुन्हा टेकडीवर नेणे आणि रबरी दोर दोन्ही बाजूंनी ओढून ते दरीवर झोकून देणे, ही सर्व कामे सभासद स्वतः करीत. वर्गणी अल्प होती, कारण उरलेली वर्गणी अंगमेहनतीच्या रूपाने वसूल होई. ग्लायडर क्लब या संस्थेचा हा मूळ पिंड आहे. ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशन 1929 मध्ये स्थापन झाली तेव्हा तिने हाच पिंड उचलला.

मुंबईत मात्र उड्डाणविद्येने प्रवेश केला तो निराळ्या दाराने. साष्टी बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, विलेपारल्याच्या पलीकडे, जुहूच्या सपाट भूमीवर 1928 मध्ये विमानतळ सुरू झाला. त्याच सुमारास भारत सरकारने दिल्ली, कराची, मुंबई व बंगाल येथील फ्लाइंग क्लबांना विमाने व अनुदाने मंजूर केली होती, आणि त्यांपैकी बॉम्बे फ्लाइंग क्लबाचे ठाणे या जुहूलाच पडले. तेथे शिकलेल्या जहांगीर रतनजी दादाभाई टाटांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी भारतात दिलेली वैमानिकाची पहिली सनद मिळाली. आणि 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन आलेले त्यांचे पुस मॉथ विमान याच मैदानावर उतरले, तेथून नेव्हिल व्हिन्सेंटने ती टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. हा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु त्याच्या खर्चाची बाजू क्वचितच सांगितली जाते. सरकारी अनुदान असूनही इंजिनाच्या विमानात ताशी जी फी पडे ती गिरणीच्या कचेरीतील कारकुनाला किंवा नगरपालिकेच्या शाळेतील मास्तराला झेपणारी नव्हती, आणि म्हणून जुहूच्या मैदानावर प्रथम जे उतरले ते बहुतेक उद्योगपतींचे, संस्थानिकांचे व श्रीमंत व्यापाऱ्यांचे पुत्र होते. कुंपणाबाहेर विमान पाहण्यास जमणाऱ्या पारल्या-अंधेरीच्या मुलांना आकाश डोळ्यांपुढे दिसत होते, पण त्याचे प्रवेशशुल्क त्यांच्या घरच्या खर्चात बसणारे नव्हते.

मग या मुलांसाठी जर्मन विद्यार्थ्यांप्रमाणे अल्पखर्ची ग्लायडरचा मार्ग येथे का फुटला नाही? पहिला अडथळा निसर्गाचा होता. ग्लायडरला वर नेणारी उष्ण हवा कोरड्या, तापलेल्या भूमीवर निर्माण होते. साष्टीवर मात्र दुपार होताच समुद्रावरून थंड, दमट वारा आत शिरतो, जमिनीलगत पसरतो, आणि उष्ण हवेचे ऊर्ध्वगामी प्रवाह जन्मतःच दबले जातात. पावसाळ्यात तर जुहूचे मैदान जलमय होई, इतके की टाटांना आपली टपालसेवा त्या महिन्यांपुरती पुण्याला हलवावी लागे. बोरिवलीच्या कान्हेरीच्या डोंगररांगांवर पश्चिमेचा वारा आपटून वर चढतो हे खरे, आणि उतारावरच्या वाऱ्यावर तरंगण्याची कला जगात अन्यत्र रूढही आहे. परंतु त्या डोंगरांखाली उतरावयास मोकळे रान नव्हते. एका बाजूस दाट जंगल, दुसऱ्या बाजूस खाड्या व खाजणे, आणि मुलुंड-भांडुपकडे मिठागरे.

दुसरा अडथळा माणसाने निर्माण केला, आणि तो अधिक निर्णायक ठरला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझला लष्करी विमानतळ उभा राहिला आणि युद्धानंतर नागरी वाहतूक तेथे गेली. जुहू आणि सांताक्रूझ यांमधले अंतर इतके अल्प की त्या आकाशात इंजिनावाचून संथपणे घिरट्या घालणाऱ्या विमानाला जागा उरली नाही. त्याच काळात शहर उत्तरेकडे सरकत होते. 1950 मध्ये बृहन्मुंबईची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत वाढवण्यात आली, आणि 1957 मध्ये ती दहिसर व मुलुंडपर्यंत नेण्यात आली. शेतसारा भरणारी गावे मालमत्ताकर भरणाऱ्या वस्त्या झाल्या. भाताची खाचरे, आमराया, वाड्या यांवर चाळी व गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या. ज्या जमिनीवर ग्लायडर उतरू शकला असता तिचा दर चौरस वारावर मोजला जाऊ लागला, आणि मोकळ्या धावपट्टीचा दावा सांगणारा कोणी उरला नाही.

नेमक्या त्याच 1950 साली घाटमाथ्यापलीकडे, पुण्याजवळ हडपसरच्या माळावर, भारत सरकारच्या नागरी विमानवाहतूक खात्याने ग्लायडिंग केंद्राची स्थापना केली. दोन घटनांचा परस्परांशी हेतुपूर्वक संबंध नव्हता, परंतु त्यांचे एकाच वर्षी घडणे मला अर्थपूर्ण वाटते: मुंबई आपले मैदान गिळीत असताना दख्खनच्या पठारावर दोनशेहून अधिक एकर भूमी उड्डाणासाठी राखली जात होती. पुण्याची हवा कोरडी, भूमी समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच, आणि फाल्गुन ते वैशाख या काळात दुपारी उठणारे उष्ण प्रवाह बलवान. निसर्गाने व सरकारने मिळून जी तजवीज येथे केली ती उपनगरांत कुणालाही करता आली नसती.

त्या खात्याने आणखी एक काम केले, ज्याचा उल्लेख आदराने केला पाहिजे. परदेशी ग्लायडर विकत घेत राहण्यापेक्षा आपल्याच देशात ते घडवावेत म्हणून दिल्लीतील तांत्रिक केंद्रात त्यांचे आराखडे करण्यात आले, आणि त्यांना नक्षत्रांची नावे देण्यात आली. 1958 मध्ये ‘अश्विनी’ उडाला, 1961 मध्ये ‘रोहिणी’, 1963 मध्ये ‘कार्तिक’. याच मालिकेत ‘भरणी’, ‘मृगशीर’ आणि ‘आर्द्रा’. प्लायवूड, सरस आणि कापड यांनी बांधलेल्या त्या विमानांपैकी ‘रोहिणी’त गुरू-शिष्य शेजारी शेजारी बसत. शिष्याच्या हातातील कंप गुरूला थेट दिसे, आणि गुरूला आवाज चढवावा लागत नसे. स्वदेशी ग्लायडरमुळे परकीय चलनाचा खर्च वाचला, दुरुस्ती देशातच होऊ लागली, आणि दिल्ली, पिलानी, कानपूर, देवळाली यांसारख्या ठिकाणच्या केंद्रांनाही त्याचा लाभ झाला.

आता प्रत्यक्ष खर्चाकडे वळू. ग्लायडर उडवण्याची सर्वांत स्वस्त रीत म्हणजे विंच: मैदानाच्या एका टोकाला इंजिनावर फिरणारे रहाट, त्यावर गुंडाळलेली सुमारे एक किलोमीटर लांबीची पोलादी तार, आणि दुसऱ्या टोकाला त्या तारेत अडकवलेला ग्लायडर. तार वेगाने ओढली गेली की विमान तीव्र कोनात वर चढते, साधारण तीनशे मीटरवर वैमानिक तार सोडतो, आणि मग त्याचा व हवेचा संवाद सुरू होतो. उष्ण प्रवाह गवसला नाही तर पाच-सहा मिनिटांत पुन्हा भूमी. म्हणजे दहा तासांचा अनुभव अशाच उड्डाणांनी जमवावयाचा म्हटले तर शंभराच्या आसपास उड्डाणे करावी लागतात. आणि प्रत्येक उड्डाणास विंच चालवणारा, पंखाचे टोक धरून धावणारा, खूण करणारा, तार परत आणणारा, नोंदवहीत वेळ लिहिणारा आणि शेजारी बसणारा शिक्षक इतकी माणसे लागतात. तारेची झीज, हँगरचे भाडे, पंखांची नियतकालिक तपासणी, विमा, शिक्षकाचे वेतन, हे सर्व त्या पाच मिनिटांवर विभागले जाते. परदेशी क्लबांत हा भार सभासदांची वर्गणी व त्यांचे श्रम उचलतात. हडपसरला तो सरकारी तिजोरीने उचलला, आणि शिकणाऱ्याकडून नाममात्र आकार घेतला गेला. विद्यार्थी, शिक्षक, कचेरीतील कनिष्ठ नोकर यांना ज्या दराने येथे हवेत जाता आले तो जगातील अत्यल्प दरांपैकी एक असावा.

उपनगरातील तरुणाच्या वहीत मात्र आणखी दोन रकाने असत. पहिला प्रवासाचा: घाटकोपर-मुलुंडहून निघणाऱ्याने कल्याणला, अंधेरी-बोरिवलीहून येणाऱ्याने दादरचा पूल ओलांडून पुण्याची गाडी पकडावी, बोरघाट चढावा, पुणे स्टेशनाबाहेर सोलापूर रस्त्याने जाणारी बस गाठावी, आणि हडपसरला उतरावे. दुसरा रकाना प्रतीक्षेचा. वारा प्रतिकूल असेल, तार तुटेल, आधीचे विद्यार्थी रांगेत असतील. दिवसभर मैदानावर उभे राहून पदरी पाच मिनिटे पडावीत हे ग्लायडर शिकणाऱ्याला नवे नाही. पुण्यातच राहणाऱ्याला ती प्रतीक्षा सोसवते, मुंबईकराला तिच्यापायी आठवड्याची एकुलती एक सुटी द्यावी लागते. फीच्या पावतीवर हा खर्च लिहिला जात नाही, परंतु अनेकांचे शिक्षण अर्धवट सुटले असेल तर ते फीपायी नव्हे, या रकान्यापायी सुटले असेल, अशी माझी समजूत आहे.

अलीकडे मावळात कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग रुजले आहे. त्यासाठीचे कापडी पंख पिशवीत मावतात, त्यांना हँगर लागत नाही, आणि मुंबई-पुणे लोहमार्ग शेजारूनच जातो. म्हणून उपनगरांतील अनेक तरुणांची आकाशाशी पहिली ओळख आज तेथे होते. बॉम्बे फ्लाइंग क्लबाचे इंजिनयुक्त विमानांचे शिक्षणही आता धुळ्याला चालते. एका अर्थी मुंबईने उड्डाणाचे शिक्षण कायमचे बाहेरगावी पाठवले आहे.

हडपसरभोवतीही आता तेच घडत आहे जे विलेपारल्याभोवती घडले. मगरपट्ट्याच्या इमारती, कचेऱ्या, रुंद रस्ते त्या माळाच्या आसपास येऊन ठेपले आहेत, आणि तेथील प्रत्येक एकराची बाजारकिंमत उड्डाणाच्या फीतून कधीही भरून निघणार नाही. ती भरून निघावी अशी अपेक्षा धरणेच मुळात चुकीचे आहे. नदीकाठ, क्रीडांगण किंवा ग्रंथालय यांची जमीन ज्या न्यायाने राखली जाते त्याच न्यायाने ही जमीन राखली पाहिजे. जुहूला जे मैदान होते ते साष्टीत पुन्हा निर्माण होणार नाही. हडपसरचा माळ एकदा बांधला गेला तर तोही परत मिळणार नाही. म्हणून ज्यांच्या हाती त्या भूमीचे दप्तर आहे त्यांनी ती ग्लायडरांसाठीच राखावी, तेथील उड्डाणे नियमित चालतील इतका खर्च सरकारने आनंदाने सोसावा, आणि अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या शाळा-महाविद्यालयांनी वर्षातून एकदा तरी आपली मुले तेथे पाठवावीत.